ठिगळ, बोळा, चिंधी

माझ्या पहिल्या छापील अनुवादाचं एकमेव परीक्षण आंतर्देशीय पत्रावर आलं. २००७ सालचा पावसाळा होता. मी दिल्लीत एका गच्चीवरच्या खोलीत राहत होते, आणि पत्र होतं कुडाळ तालुक्यातल्या माझ्या आजोळहून, मामाचं. पुस्तक कसं झालंय, भाषा जमलीय का, यावर त्यात एक अक्षर नव्हतं. खुशाली, भाताची लावणी, आजीचे गुडघे, आणि मग शेवटच्या घडीवर, जागा उरली नव्हती तिथे, बारीक अक्षरात दोन ओळी: 'गोळयेक ठिगळ लायतत? ती काय गोधडी आसा? आणि दारू जास्ती भरल्यार खांदो मोडता, नेम लागणा नाय.'

गोळीला ठिगळ लावतात का, ती काय गोधडी आहे? आणि दारू जास्त भरली तर खांदा मोडतो, नेम लागत नाही. मी हसले, पत्र पुस्तकात ठेवलं आणि विसरून गेले. मामा ठासणीच्या बंदुकीचा परवानाधारक शेतकरी, मी तौलनिक भारतीय साहित्याची एम.ए. अनुवाद म्हणजे काय, हे त्याने मला सांगावं, असं तेव्हा वाटणं शक्य नव्हतं.

पुस्तक होतं जेम्स फेनिमोर कूपरच्या १८४० सालच्या 'द पाथफाइंडर'ची किशोरांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती. त्यात नेमबाजीच्या स्पर्धेचा एक प्रसंग आहे. आधीच्या नेमबाजाची गोळी लक्ष्यात जिथे शिरली, नेमक्या त्याच भोकात पाथफाइंडर आपली गोळी घालतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, याचा नेम साफ चुकला. कूपरच्या या नेमबाजीची मार्क ट्वेनने १८९५ साली यथेच्छ टर उडवली आहे. ते मला माहीत होतं. रायफल कशी भरतात, ते मात्र माहीत नव्हतं. आवृत्तीच्या शेवटी संपादकाने एका पानाची टीप जोडली होती, तीत एक शब्द वारंवार येत होता: पॅच. गोळीला पॅच लावायचा आणि ती नळीत सारायची. मी कोशात पाहिलं, ठिगळ. मी लिहिलं, 'ठिगळ लावलेली गोळी.' एवढ्यावर थांबले नाही. गोळी नेमकी का लागली, याचं कारण वाचणाऱ्या मुलांना मिळावं म्हणून स्पर्धेच्या प्रसंगात स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं: 'त्याने दारूचं माप अंमळ जास्तच भरलं.' ते मुळात कुठेही नव्हतं. अचूकपणा जोरातून येतो, हे मला इतकं उघड वाटत होतं की आपण काही घालतो आहोत, याची जाणीवही झाली नाही.

गेल्या वर्षी प्रकाशकाचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, काही दुरुस्त्या असतील तर महिनाभरात द्या. मी कपाटातून जुनी प्रत काढली. आंतर्देशीय पत्र आतच होतं, घडीवर पिवळं पडलेलं. मामाला फोन करावा, तर दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. चालणं बरंचसं परत आलं, बोलणं आलं नाही. म्हणजे आवाज येतो, शब्दही येतात, पण हवा तो येत नाही. पाणी हवं असलं की 'चावी' म्हणतो, मुलाला 'वैशाख' म्हणून हाक मारतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. फोनवर त्याच्याशी बोलणं म्हणजे त्याला रडवणं, असं मामी म्हणाली होती. मी फोन केला नाही.

मी राहते नोएडात, अरुण विहारमध्ये. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची ही वसाहत, आमच्यासारखे भाडेकरू मधूनमधून. समोरच्या ब्लॉकमधले कर्नलसाहेब सकाळी फिरायला भेटतात. मी बोलता बोलता त्यांना माझी अडचण सांगितली. ते चालता चालता थांबले. त्यांचा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो आणि दरवर्षी तिथे गेल्यावर ते एका क्लबात जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या रायफली चालवतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या लांब नळीच्या रायफलीचं कूपरने एवढं कौतुक केलं, ती अठराव्या शतकात त्याच भागातल्या जर्मन कारागिरांनी घडवली. संध्याकाळी ते एक खाकी पाकीट घेऊन आले. 'बेटा, ये देख. तेरा पॅच.'

पाकिटात कापडाचे बारा गोल तुकडे होते, प्रत्येक साधारण चहाच्या बशीतल्या खळग्याएवढा. सगळे वापरलेले. काही मधोमध काळे आणि कडेला जरा उसवलेले, काहींना भोकं, एक तर पार चिंध्या झालेला. 'विमानतळावर दारूचा वास लागू नये म्हणून धुऊन आणलेत,' ते म्हणाले, 'तरी जीव मुठीत धरूनच आलो.'

ते जे सांगत गेले, ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण मला पहिल्यांदाच माझी चूक कुठे आहे ते दिसत होतं.

रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. पण गोळी तोंडाकडून ठासायची, तर ती नळीपेक्षा किंचित लहान हवी, नाहीतर आत जाणारच नाही. आणि लहान असेल तर खाचा तिला पकडणार कशा? धातू हातोडीने ठोकून नळीत बसवता येतो, पण मग गोळी चेपते आणि चेपलेली गोळी भरकटते. यावरचा उपाय म्हणजे ते कापड. कर्नलसाहेबांच्या रायफलीची नळी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. गोळी १२.४५ मिलिमीटरची. कापडाची जाडी सुमारे ०.३८. गोळीच्या दोन्ही बाजूंनी कापड आलं की बेरीज नळीपेक्षा थोडी जास्त होते, आणि ते जास्तीचं कापड दाबलं जाऊन खाचांत शिरतं. बार उडाला की खाचा कापडाला फिरवतात, कापड गोळीला फिरवतं. शिशाचा नळीला स्पर्शही होत नाही. तोंडातून बाहेर पडल्यावर कापड हवेने सुटतं आणि दहा-पंधरा पावलांवर पडतं. गोळी एकटी पुढे जाते.

म्हणजे ते ठिगळ नव्हतंच. ठिगळ फाटलेल्या जागी लावतात आणि ते तिथेच राहतं. हे कापड धड गोळीला धड नळीशी जुळवण्यापुरतं असतं, आणि काम झालं की उरत नाही.

'मग नेम सुधारायचा कसा?' मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून ते 'अंमळ जास्त' होतं.

'दारू वाढवून नाही,' ते म्हणाले. 'एका वेळी एकच गोष्ट बदलून.'

त्यांची रीत अशी. रायफल टेकूवर ठेवायची, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न मिटतो. कमी मापाने सुरुवात करायची, पाच बार उडवायचे, लक्ष्यावर पाच भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. मग दारू पाच ग्रेनने, म्हणजे ग्रॅमच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढवायची, आणि परत पाच. एका मापावर भोकं सर्वांत जवळ येतात. त्यापुढे वाढवली की परत पांगतात. ते माप त्या एका रायफलीचं. शेजारच्याच्या रायफलीला ते लागू पडेल असं नाही. माप सापडलं की मग ते स्थिर ठेवून कापडाची जाडी बदलून पाहायची, मग गोळीची, मग वंगण. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

कापड सुती हवं, घट्ट विणीचं. उशांच्या खोळींना वापरतात ते पट्ट्यापट्ट्यांचं सर्वांत चांगलं. नवं असेल तर धुऊन खळ काढायची. कृत्रिम धाग्याचं चालत नाही, ते वितळून नळीला चिकटतं. वंगण मेणाचं, तेलाचं, चरबीचं. स्पर्धेत कित्येक जण नुसत्या थुंकीने कापड ओलं करतात. काळी दारू जळाली की नळीत काजळी धरते, आणि दर बाराला नळी आधीच्यापेक्षा अरुंद होत जाते. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओलसर फडक्याने नळी पुसायची, आणि दर वेळी तितक्याच वेळा. गजावर एक खूण करून ठेवायची, म्हणजे गोळी दर वेळी त्याच खोलीवर दारूवर टेकली की नाही ते कळतं. मध्ये पोकळी राहिली तर नेमाचं सोडाच, नळी फुटू शकते. आणि गज दर वेळी सारख्याच दाबाने दाबायचा, आपटायचा नाही.

'सगळ्यात महत्त्वाचं,' कर्नलसाहेब म्हणाले, 'लक्ष्याकडे धावायचं नाही. आधी हे उचलायचं.' त्यांनी टेबलावर तुकडे ओळीने मांडले. गोळी कुठे लागली, हे लक्ष्य सांगतं. का लागली, हे कापड सांगतं. मधोमध काळा, कडेने किंचित उसवलेला आणि अख्खा, तो चांगला. गोळीभोवतीच्या वर्तुळावर जळून भोकं पडलेला म्हणजे कापड पातळ होतं किंवा वंगण कमी पडलं, जाळ बाजूने निसटला. चिरा पडलेला म्हणजे खाचांच्या कडा किंवा नळीचं तोंड धारदार आहे, ते कारागिराकडून घासून घ्यायला हवं. पार चिंध्या झालेला म्हणजे त्या दिवशी आपण सगळंच चुकीचं केलं.

रात्री मी मामाचं पत्र परत वाचलं. दारू जास्त भरली तर नेम लागत नाही. हे त्याने मला अठरा वर्षांपूर्वी फुकट सांगितलं होतं.

पुढचे काही आठवडे मी शब्द शोधत होते. दिल्लीत राहून ठासणीच्या बंदुकांबद्दल वाचायला लागलं की सगळे रस्ते कुठे ना कुठे मराठ्यांशी किंवा १८५७ शी येऊन मिळतात. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर नोएडाचं गोल्फ कोर्स आहे आणि त्याच्या आत एक दगडी स्तंभ. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इथे पटपडगंजची लढाई झाली. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी एका बाजूला, लुई बूर्कँ हा फ्रेंच त्यांचा सेनापती. दुसऱ्या बाजूला जनरल लेक. त्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. एका रविवारी कर्नलसाहेब मला आत घेऊन गेले. गवतावर पाणी मारणं चाललं होतं. मी विचारलं, शिंद्यांच्या पलटणींकडे बंदुका होत्या, पिळाच्या खाचा का नव्हत्या? 'तुझ्या त्या कापडामुळे,' ते म्हणाले. गुळगुळीत नळीत सैल गोळी भराभर ठासता येते, मिनिटाला तीन बार होतात. रायफलीला कापड बसवत बसलं की त्याहून कमी. शंभर माणसं शंभर माणसांवर एकदम बार टाकणार असतील तर एकट्याच्या नेमाला किंमत नसते. इंग्रजांनी त्या काळात बेकर रायफल घेतली ती निवडक तुकड्यांसाठीच. तिच्या दस्त्यात पितळी झाकणाची एक डबी असे, आणि तीत वंगण लावलेले कापडाचे तुकडे. घाई असली की त्या शिपायांनाही कागदी काडतूस वापरावं लागे. नेम हवा असला की कापड.

ते कापड मला राष्ट्रीय संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात कुठे दिसलं नाही. काचेमागे नळ्या होत्या, नक्षीचे दस्ते होते, दारूचे शिंगाडे होते. वापरलं की जळणारी वस्तू संग्रहालयात कुठून येणार, हे मग लक्षात आलं.

आणि १८५७. एनफिल्डची काडतुसं आणि त्यांना लावलेली चरबी आपण शाळेत शिकलो. त्याआधी कंपनीच्या काही देशी तुकड्यांकडे ब्रन्सविक रायफल होती, दोन खाचांची, हे शिकलो नव्हतो. तिच्या गोळीभोवतीही वंगण लावलेलं कापड लागे, आणि शिपाई ते वापरत होते. त्यावरून बंड झालं नाही. कापड हाताने धरायचं असे. काडतूस दातांनी फोडायचं. फरक फक्त एवढाच होता असं मी म्हणणार नाही, मागे कितीतरी वर्षांची कारणं साठली होती. पण जानेवारीत अफवा पसरल्यावर वरिष्ठांनी सांगून पाहिलं, वंगण तुमचं तुम्ही लावा, काडतूस हाताने फाडा. तोवर कोणी कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेलं होतं. दोन कठीण गोष्टींच्या मधलं जे मऊ असतं, त्यात काय मिसळलंय याबद्दल एकदा शंका आली की खुलासे उपयोगी पडत नाहीत. हे वाचताना मला माझं ते पदरचं वाक्य टोचलं. मुलांनी ते कूपरचं म्हणून वाचलं होतं.

त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. बंदुकीच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, रंजक, बत्ती, गज, बार, ठासणी. आपण बार उडवतो, फुसका बार काढतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. गोळीभोवतीच्या कापडाला मात्र मला शब्द मिळाला नाही. आपल्याकडच्या बहुतेक बंदुका गुळगुळीत नळीच्या. जी वस्तू हातात आली नाही, तिला नाव कोण देईल? गवसणी हा शब्द मनात आला. वाद्यावर घालायची खोळ ती गवसणी. अर्थ बसत होता. पण लगेच आकाश आठवलं, आणि गोळी आकाशाएवढी वाटायला लागली. चकती म्हणावं तर धातूची वाटते. पट्टी जखमेची. मी कागदावर नऊ शब्द लिहिले आणि आठ खोडले. उरलेला होता 'बोळा', आणि तो मामाकडून आला होता.

लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलं की मामाची बंदूक भरणं हा आम्हा मुलांचा सिनेमा असे. दूर पडवीच्या पायरीवर बसून बघायचं, जवळ यायचं नाही. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने दोनदा दाबायचा, मग छर्रे, परत लहानसा बोळा. रानडुकरं भाताच्या दिवसांत खाली उतरत, माकडं नारळ-केळीवर कायमच. मामा बहुतेक वेळा हवेत बार काढायचा. 'आवाजाक भियतत ती,' म्हणायचा, 'मारूक खंय व्हयी?' १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे; मामाचा परवाना त्यातला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येक निवडणुकीची आठवण अशी बंदुकीच्या ये-जा करण्याने बांधलेली होती.

कर्नलसाहेबांना मी बोळ्याबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली. बोळा दारू आणि गोळी यांच्या मध्ये बसतो, दाब धरून ठेवतो. पॅच गोळीच्या भोवती असतो. मामाचा शब्द मामाच्या बंदुकीला बरोबर होता. पाथफाइंडरच्या रायफलीला नाही. म्हणजे चुकीचं ठिगळ काढून मी दुसरा चुकीचा शब्द बसवणार होते, आणि तो मामाचा म्हणून कोणी मला हटकलं नसतं.

मे महिन्यात मी आजोळी गेले. शब्दासाठी गेले असं म्हणणं खोटं होईल. महिनाभराची मुदत कधीच उलटली होती, प्रकाशकाने दोनदा आठवण केली होती. मला मामाला भेटायचं होतं आणि रिकाम्या हाताने जायची भीती वाटत होती. कर्नलसाहेबांकडून पाकीट मागून घेतलं. मोपाला उतरून गाडी केली. बांद्याच्या पुढे आल्यावर पहिल्यांदा हवेला कोकमाचा वास आला.

मामा पडवीत खुर्चीवर होता. मला पाहून त्याने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने म्हणाला, 'टपाल!' मामी घाईने म्हणाली, 'तुझा नाव आठवणा नाय तेका, वायट वाटून घेव नको.' मला वाईट वाटलं नाही. अठरा वर्षांनी का होईना, मी त्या पत्राचं उत्तर घेऊनच आले होते.

बंदुकीच्या जागी भिंतीवर दोन खुंट्या रिकाम्या होत्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीला जमा केली, मामेभाऊ म्हणाला, ती अजून ठाण्यातच आहे. सोडवायला परवानाधारक लागतो, सही लागते, नूतनीकरणही राहिलंय. मामाची सही आता जुळत नाही. भावाला स्वतःच्या नावावर परवाना करून घ्यायचा आहे की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. माकडं तर आता फटाक्यांनाही भीत नाहीत. हे सगळं तो हळू आवाजात सांगत होता. मामा खुंट्यांकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं.

जेवणानंतर मी खुर्चीपुढच्या स्टुलावर पाकीट उपडं केलं. मामाने चष्मा मागितला. म्हणजे 'झाकण' म्हणाला आणि मामीने चष्मा दिला. एक तुकडा उचलून त्याने आधी नाकाशी नेला. धुतलेला होता तरी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्याने तुकडा उजेडात धरला. मी सांगायला लागले, मामा, ही परदेशातल्या रायफलीची, गोळीभोवती गुंडाळतात. त्याने हात वर करून मला थांबवलं. डाव्या हाताची मूठ पोकळ केली, तिच्यावर तुकडा पसरला, उजव्या हाताचा अंगठा मधोमध ठेवून तो आत दाबला. गोळी नसताना गोळी ठासली. मग मुठीतून अंगठा फिरवत, हळूहळू, पीळ देत बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं. बरोबर? मी मान हलवली. उभ्या आयुष्यात त्याने ही रायफल पाहिली नव्हती. कापडावरचे वण पाहून त्याने ती नळी आतून कशी असेल ते ओळखलं होतं.

मग तो एकेक तुकडा तपासायला लागला. अख्खे एका बाजूला, भोकाचे दुसऱ्या. एका तुकड्यातल्या जळक्या भोकात बोट घालून त्याने माझ्यापुढे नाचवलं आणि जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. जाळ निसटला. चिंध्या झालेला तुकडा हातात आला तेव्हा तो हसायलाच लागला, खांद्यावर हात ठेवून कळवळल्याचं नाटक केलं. दारू जास्ती. मीही हसले. मामी आतून विचारत आली, काय झालं?

मी विचारलं, 'मामा, हेका काय म्हणूचा?'

त्याने तोंड उघडलं. शब्द येत नव्हता, तो दिसत होता पण हाताला लागत नव्हता, कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग तो एकदम स्पष्ट म्हणाला, 'गोधडी.'

मामी म्हणाली, 'बघ, काय्येक्काय बोलता.' मामेभावाने मान खाली घातली. पण मामा माझ्याकडे बघत होता, आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. तो चुकीचा शब्द होता, की त्याला त्याचं पत्र आठवत होतं, आणि तो माझी तशीच थट्टा करत होता जशी आंतर्देशीय पत्रावर केली होती? मी अजून ठरवू शकलेले नाही. मी पिशवीतून ते पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, किंवा वाचल्यासारखं बघितलं, आणि घडी घालून परत दिलं.

दिल्लीला परतल्यावर मी दुरुस्त्या पाठवल्या. पदरचं वाक्य काढून टाकलं. ठिगळाच्या जागी 'वंगण लावलेली चिंधी' लिहिलं. चिंधी हा शब्द गरीब आहे, पण त्याला दुसरा अर्थ चिकटत नाही, आणि ती जाते हे तो शब्दच सांगतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे कापड जळतं आणि पीळ गोळीबरोबर पुढे जातो. ही ओळ मी टिपेत घालणार होते. मग वाटलं, हे परत 'अंमळ जास्त' होतंय. टिपेत फक्त मापं दिली: नळी, गोळी, कापड. मुलांना बेरीज येते.

एक काम मात्र मी नवं सुरू केलं आहे. अनुवादाचे कच्चे खर्डे मी पूर्वी फाडून टाकायचे. आता ठेवते, आणि छापील पान वाचण्याआधी तेच वाचते. कुठे जळलंय, कुठे चिरलंय, कुठे मी जोर लावलाय, हे तिथे दिसतं. छापील पानावर फक्त भोक असतं.

पाकीट परत करायला गेले, तेव्हा कर्नलसाहेबांनी तुकडे टेबलावर मांडून मोजले. 'अकरा,' ते म्हणाले. 'बारा थे.'

बारावा मामाकडे राहिला. निघताना मी गोळा करत होते, तेव्हा त्याने एक मुठीत धरून ठेवला होता. अख्खा, मधोमध काळा, कडेला जरासा उसवलेला. मागितला असता तर दिला असता त्याने. मी मागितला नाही. कर्नलसाहेबांना मी हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कौनसा रख लिया? मी सांगितलं. ते पाकीट बंद करत म्हणाले, 'सही वाला चुना.'